डांबरातली मेढ

बोईसरच्या आमच्या सोसायटीत मी दोन गोष्टींसाठी बदनाम आहे. एक माझा आवाज आणि दुसरं आवारातलं डांबर. आवाज माहेरचा, पालघरजवळच्या माहीमचा. आमची वाडी लांबलचक, या टोकाला आई पानवेलीत आणि त्या टोकाला बाबा केळीत, मधे नारळ-सुपारी. जेवायला हाक मारायची तर गळा लागतोच. डांबर मात्र मी स्वतः मिळवलंय, भांडून.

चार इमारती आणि मधे मोकळं आवार, अशी आमची सोसायटी. पूर्वी तिथे मुरूम होता आणि विटांचे तुकडे. पावसाळ्यात तिथून स्कूटर काढणं म्हणजे सर्कस. मी तेव्हा औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. सकाळी पांढऱ्या गणवेशात निघायची आणि गेटपर्यंत पोचेस्तोवर घोट्यापर्यंत लाल. एका मीटिंगला जुन्या सेक्रेटरींनी राजीनामा दिला आणि सगळी पुरुषमंडळी आपापल्या चपलांकडे बघत बसली. माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढंही जमत नाही का कुणाला?" झालं. पुढच्या पाच मिनिटांत मी सेक्रेटरी होते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो पेपरमधून मान वर न करता म्हणाला, "हूं." माझा नवरा सगळ्याला हूंच म्हणतो. लग्नाला होकारसुद्धा त्याने तसाच दिला असणार.

पेव्हर ब्लॉक की डांबर यावर सहा महिने वाद झाला, तो सांगत बसत नाही. मी जिंकले एवढं पुरे. आणि डांबराबरोबर आमच्या आवारात आली ती मुकादमीण.

जव्हारकडची, डोंगरातली. थोडीशी भातशेती, तीही पावसावरची. कापणी झाली, दिवाळी गेली की ही, हिचा नवरा आणि दोन दीर कामाला खाली उतरायचे ते होळीपर्यंत. ठेंगणी बाई, लुगड्याचा काष्टा घट्ट, पायात नवऱ्याचे गमबूट, तेही दोन नंबर मोठे. पिंपाखाली जाळ घातला की ती लांब उभी राहून नुसता वास घ्यायची. "पिवळा धूर निंगाला का डांबर जळला समजायचा," ती मला म्हणाली. "मंग तो चिकटत नाय. नुसता काळा दिसतो." रोलर फिरला, काळंभोर आवार तयार झालं आणि मी खुळ्यासारखी कडेने फेऱ्या मारत बसले. चप्पल चिकटली, पाय भरले. खोबरेल चोळून डांबर काढायला तिनेच शिकवलं. घरी माहीमच्या खोबरेलाची बाटली होतीच, ती त्या आठवड्यात संपली.

जाताना मी तिला विचारलं, "किती वर्षं टिकेल गं?"

"तुमी बघाल तेवढी," ती म्हणाली. "गाड्यांनी काय होत नाय, बाय. पान्यावर ध्यान ठेवा. पाऊस थांबला का खाली यायचा, कुठं पानी उभा हाय ते बघायचा. तिथं खडूनं गोल मारायचा. आमी दिवाळीनंतर येतो तवा तो गोल दाखवायचा."

मी ते अक्षरशः केलं. सर थांबली की मी खाली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात शाळेचा पांढरा खडू. जिथे डबकं दिसेल तिथे काठाने गोल. पुढची सर तो गोल धुऊन न्यायची, मी पुन्हा मारायची. वहीत आवाराचा नकाशा काढून तिथेही गोल. लोक गॅलरीतून हसायचे. एकाने तर विचारलं, "वहिनी, रांगोळीला कुंकू आणू का?" मी म्हटलं, "आणा, आधी तुमच्या स्कूटरखाली ठिपकतंय ते ऑइल पुसा."

कारण नियमही मीच केले होते. ऑइल गळणाऱ्या गाडीखाली पुठ्ठा. दुपारच्या उन्हात डांबर मऊ पडतं, म्हणून स्टँडखाली लाकडाची फळी. रॉकेलने साखळी धुवायची तर गेटबाहेर, रॉकेल डांबर खातं. होळी गेटबाहेर, मातीवर. आणि मांडववाल्याने एकही लोखंडी खुंटी ठोकायची नाही. त्या खुंटीच्या भोकातून पाणी आत जातं आणि पुढच्या श्रावणात तिथे खड्डा. मांडवाचे खांब सिमेंट भरलेल्या डब्यांत उभे करा आणि काय नाचायचं ते नाचा.

नियम चांगले होते. आजही म्हणते, चांगलेच होते.

आता दांडीवालीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येतं. आमच्या समोरच्या इमारतीत, आमच्यासारखीच दुसऱ्या मजल्यावर ती राहते. तिची गॅलरी आणि माझी गॅलरी समोरासमोर, मधे डांबर. माहेर दांडीचं, समुद्रावरचं, म्हणून मी तिला दांडीवाली म्हणते आणि ती मला माहीमकरीण. नवरा तारापूरच्या कारखान्यात, दोन मुलगे, आणि घरात शिलाई मशीन. अख्ख्या सोसायटीचे ब्लाऊज तिच्या हातचे. मी कामावर असताना माझी मुलगी शाळेतून थेट तिच्या घरी जायची. चिंध्यांच्या ढिगात बसून अभ्यास, तिथेच जेवण, तिथेच झोप. मी संध्याकाळी न्यायला गेले की पोरगी म्हणायची, "आता कशाला आलीस?" दांडीवाली खदाखदा हसायची आणि वर मलाच बोंबलाची चटणी बांधून द्यायची. ताजी मासळी आली की पहिला वाटा आमच्याकडे. इतक्या वर्षांत आम्ही दोघी भांडलो असू ते फक्त बाह्यांच्या लांबीवरून.

दोन वर्षांपूर्वी तिच्या थोरल्याचं लग्न ठरलं. नेमका त्याच हिवाळ्यात आवाराला वरून नवा सीलकोट मारून घेतला होता. काळा, तुकतुकीत, चेहरा दिसेल असा. मी त्याच्यावरून चालतानासुद्धा चप्पल हळू टाकायची.

ती आली, पोळपाटासमोर बसली आणि म्हणाली, "गो, मेढीला खड्डा लागल. हातभर खोल. मांडववाला सकाळी पहार घेऊन येल."

मांडवाचा पहिला खांब म्हणजे मेढ. उंबराची फांदी बांधून, मुहूर्त बघून, पाच सवाशिणींनी पुजून ती रोवायची आणि मग बाकीचा मांडव. आमच्या वाडीत माझी मेढ बाबांनी स्वतः रोवली होती. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "खड्डा? डांबरात?"

"मग काय हवेत?"

"अगं, आत्ता तर सीलकोट झालाय. पंपाच्या खोलीत निळा ड्रम आहे बघ. त्यात वाळू भर आणि रोव."

"मेढ ड्रमात?" तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

आणि मग मी ते बोलले. आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हटलं, "देवाला काय कळतंय गं, खाली ड्रम आहे की जमीन!"

ती भांडली असती तर मी हरले असते, खरं सांगते. पण ती उठली, पदर सारखा केला आणि "बरा" म्हणून निघून गेली.

मेढ ड्रममध्येच उभी राहिली. त्या सकाळी मी काय करत होते? गेटवर मांडववाल्याशी हुज्जत घालत होते. त्याने पोत्यात लपवून लोखंडी खुंट्या आणल्या होत्या, मला वाटलंच होतं. मी त्या पोतं उलटं करून काढून घेतल्या, एक एक. मागे घंटी वाजली, बायकांचं गाणं ऐकू आलं. मी म्हटलं, हे संपवून जाते. संपवून गेले तेव्हा ताम्हण उचललं गेलं होतं.

हळदीला डीजे लागला. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, त्यात दांडीची माणसं नाचायला उतरली की विचारूच नका. कुणाचा तरी खांदा लागला आणि ड्रम कलला. पडला नाही. मेढ मांडवाच्या कापडाला टेकून तिरकी उभी राहिली. चौघांनी धावून ड्रम सरळ केला, खाली विटा लावल्या, गाणं थांबलंही नाही. पण मी दांडीवालीचा चेहरा पाहिला. हातात हळदीची वाटी घेऊन ती त्या विटांकडे बघत उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. भांडण नाही, तणतण नाही. गॅलरीत मी आले की ती आत. मासळीचा वाटा बंद. ब्लाऊज मी स्टेशनजवळच्या बाजारात शिवायला टाकायला लागले. एकाचा गळा मानेला, दुसऱ्याचा पार पाठीवर. दोन्ही घालून मी मिरवले, तिला दिसावं म्हणून. मनात म्हणायची, माझं काय चुकलं? दोन पावसाळे गेले, आवाराला एक भेग नाही! नाक वर करून मी त्या गुळगुळीत डांबरावरून चालायची आणि समोरच्या गॅलरीकडे बघायचं नाही म्हणून सारखी बघायची.

मागच्या पावसाळ्यात आईचं हाड मोडलं. तीन आठवडे मी माहीमला होते. पाऊस तर असा की वाडीतल्या विहिरीचं पाणी वाकून हाताने घ्यावं. आईचं करता करता मन मात्र बोईसरच्या डबक्यांत. नवऱ्याला फोनवर सांगितलं, "गोल मारून ठेव हो." तो म्हणाला, "हूं." परत आले आणि गेटमध्येच थबकले. प्रत्येक डबक्याला गोल होता! अगदी काठाने, सुबक, आणि गुलाबी खडूचा. घरात जाऊन म्हटलं, "छान मारलेस हं गोल." तो म्हणाला, "हूं." मला इतकं भरून आलं की त्या दिवशी मी त्याच्यासाठी शिरा केला. गुलाबी खडू घरात कुठून आला, हा प्रश्न काही माझ्या डोक्यात शिरला नाही.

आणि मग माझ्या मुलीचं ठरलं. मुलगा वैतरण्याचा, शांत, चश्मिस. मी पालघरला दोन हॉल बघून आले, एसी, गाड्यांना जागा, सगळं. पोरीने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हॉल नको. मांडव इथे, खाली. जिथे मी सायकल शिकले तिथे."

"बरं, इथे."

"ब्लाऊज समोरच्या मावशीच्या हातचा."

मी हॉलचे कागद पिशवीत भरायला लागले.

"आणि मेढीला मावशी हवी. आई, ती आली नाही ना, तर मला मांडवच नको. आम्ही दोघं रजिस्टर ऑफिसात सह्या करून मोकळे होऊ."

"अगं पण..."

"तुझं तू बघ," म्हणाली आणि आंघोळीला निघून गेली. माझाच आवाज, माझाच ठसका. कुणाला सांगणार?

पत्रिका घेऊन मी समोर गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा तो जिना चढले. दार उघडून तिने मला बसायला सांगितलं. पाणी दिलं, चहा दिला, बशीत बिस्किटं मांडून दिली. तिची सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, बाळाने माझ्या बांगड्या ओढल्या. सगळं व्यवस्थित. मी म्हटलं, "मेढीला यायचं हं. सकाळी नऊचा मुहूर्त आहे."

"तुमी बोलावलंय तर बघू," ती म्हणाली. "जमलं तर येऊ."

तुमी! इतक्या वर्षांत ती मला कधी तुमी म्हणाली नव्हती. मशीनवर कुणाचा तरी निळा ब्लाऊज अर्धवट पडला होता, त्याच्याकडे बघत मी चहा संपवला. जिना उतरताना मला हुंदका आला. होय, रडले मी, दोन मजले. खाली आले तर समोर ते डांबर, गुळगुळीत, एकही भेग नसलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा राग आला.

मेढीच्या आदल्या दिवशी मांडववाला विचारून गेला, "मॅडम, वो ड्रम निकालू क्या?" मी म्हटलं, "नको. पहार आण."

"डांबर में?" त्याचे डोळे कपाळावर गेले.

"हो. डांबर में."

मुकादमीण त्या हंगामात पालघरलाच कामावर होती. तिलाही फोन करून सांगितलं, सकाळी ये, एक खड्डा होणार आहे, नंतर तुलाच बुजवायचाय. ती म्हणाली, "बाय, तुमची तब्येत बरी हाय ना?"

सकाळी आठला मी खाली उतरले. नवी साडी, केसात गजरा, आणि गळा मानेला चिकटलेला तो बाजारचा ब्लाऊज. मांडववाल्याच्या माणसाने पहार उचलली, ती मी त्याच्या हातातून घेतली. नियम माझा, मोडायचा तर मीच मोडणार. चारही इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या. रांगोळीला कुंकू आणू म्हणणारा तो गृहस्थ मोबाईल काढून तयार. समोरच्या गॅलरीतून नीट दिसावं म्हणून बरोबर आवाराच्या मधोमध जाऊन मी पहार दोन्ही हातांनी उचलली आणि हाणली.

ठण्ण! पहार उडाली, माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या. डांबराला खोकसुद्धा पडली नाही. अभिमान वाटावा की रडावं, मला कळेना. दुसरा घाव. बोटभर खळगा. तिसरा. एक टवका उडाला, माझ्या पायावर आला. समोरची गॅलरी रिकामी होती, तिचं दार बंद होतं, मी बघून घेतलं. चौथ्यासाठी पहार वर नेली आणि ते दार धाडकन उघडलं.

"थांब गो! थांब म्हणते ना! हात मोडला तुजा तो, तिथं काय फोडतेस?"

सगळ्या माना तिकडे वळल्या. मी पहार तशीच वर धरून उभी.

"मेढीला खड्डा!" मी ओरडले.

"तिथं? अगो, अक्कल कुठं गहाण टाकलीस? सगळ्या आवाराचा पानी तिथंच उतरतो! पावसाळ्यात तळं होल तिथं! खाली ठेव ती पहार आधी!"

दोन मिनिटांत ती खाली. गळ्यात मापाची फीत, पायात चप्पल नाही. आली ती सरळ पहारीला झोंबली. मी सोडेना, ती सोडेना. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका आवाराच्या मधोमध पहारीसाठी ओढाताण करतायत आणि चार इमारती बघतायत.

"पंपाच्या खोलीकडं घे, वरच्या अंगाला," ती म्हणाली. "तिथं कवा पानी थांबत नाय."

"तुला काय माहीत, पाणी कुठे थांबतं न कुठे नाही?"

"मला काय माहीत?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तू तीन आठवडे माहीमला होतीस तवा गोल कोन मारत होतं? रोज पाऊस धुऊन न्यायचा, रोज मी मारायची. भर पावसात, माज्या खडूनं! चार खडू संपले माजे!"

गुलाबी खडू. शिवणाचा, कापडावर खुणा करायचा, तिकोनी. मी वर आमच्या गॅलरीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. नवऱ्याने पेपर हळूच डोळ्यांपर्यंत वर घेतला.

"तू मारलेस?" मी म्हटलं. "मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? बोलत नव्हते ना तुज्याशी!"

कुणीतरी हसलं. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं, दोन्ही एकदम. पहार मी सोडून दिली. म्हटलं, "चुकलं गो माझं. त्या ड्रमचं. देवाला काय कळतंय म्हणाले, ते तर फारच चुकलं. जीभ झडायला हवी होती माझी."

"ड्रमाचं काय घेऊन बसलीस?" तिचा आवाज एकदम खाली आला. "ड्रमात लावली तरी पोराचा संसार झाक चाललाय. नातू झाला. ड्रमाचं नाय मला काय." ती पदराने नाक पुसायला लागली. "मेढीला पाच जणी लागतात. चार मी बोलावल्या होत्या. पाचवी तू होतीस. तुला काय बोलवायचं, तू तर घरचीच. आन् तू गेटावर खुंट्या मोजत होतीस."

दोन वर्षं मी ड्रमला दोष देत होते. मला वाटत होतं, तिचा राग माझ्या नियमावर आहे. ताम्हणासमोर ती माझ्यासाठी थांबली असेल, मागे वळून बघितलं असेल, मुहूर्त टळायला आला म्हणून कुणाला तरी हाक मारून बसवलं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. माझ्या मुलीला जेवू घालणाऱ्या बाईच्या मेढीला मी गेले नव्हते. मी तिच्या गळ्यात पडले आणि तिथेच भोकाड पसरलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि फिरवता फिरवता म्हणाली, "हा ब्लाऊज कोनी शिवला गो? मुडदा बशिवला त्याचा!"

तेवढ्यात मुकादमीण आली. गमबूट, हातात छिन्नी आणि हातोडा. माझे तीन घाव बघून तिने कपाळाला हात लावला. "बाय, ही काय तऱ्हा झाली? पहारीनं फोडला तर चारीकडून तडे जातील. छिन्नीनं कापायचा. सरळ कडा पायजे, तर मागनं भरलेला माल बसतो."

दांडीवालीने कमरेच्या पिशवीतून खडू काढला. पंपाच्या खोलीकडे वरच्या अंगाला गेली, मान वाकडी करून उतार पाहिला आणि खाली बसून, फितीने मोजून, एक चौकोन आखला. चारही कोन असे काटकोनात की मुकादमीण बघत राहिली. "तुमी आमच्याकडं या कामाला," ती म्हणाली. दांडीवाली इतकी फुशारली की काही विचारू नका.

छिन्नीने चौकोन कापला गेला, डांबराची वडी अख्खी निघाली, खाली खडी, आणि खडीखाली आमची जुनी लाल माती. कितीतरी वर्षांनी दिसली. ओलसर होती. मुलगी जिना उतरून आली, मावशीला तिथे बघून थांबली आणि मग धावलीच, नवरीने धावायचं नसतं वगैरे कुणाला आठवलं नाही. मुहूर्ताला आम्ही ताम्हणाभोवती बसलो, पाच जणी. पाचवी ती. उंबराच्या फांदीला तिने हळद लावली, मी कुंकू लावलं आणि मेढ मातीत उभी राहिली, सरळ.

पूजा आटोपताच तिने मला दटावलं, "ब्लाऊजचं कापड कुठं हाय? आठ दिवस राहिले, आन् अजून माज्या घरात कापड नाय! ही काय तऱ्हा लग्नाची?"

लग्न झालं. हळदीला दांडीची माणसं नाचली, माहीमची नाचली, वैतरण्याचीही शेवटी नाचली. मेढ जागची हलली नाही. मुलीचा ब्लाऊज असा बसला की नवऱ्यामुलाच्या आत्याने तिथेच दोन शिवायला टाकले. माझाही नवा होता. गळा हवा तिथे.

मांडव उतरल्यावर मुकादमीण पुन्हा आली. आधी मधोमधचे माझे तीन घाव बुजवले, मग खड्डा झाडून घेतला, कडांना गरम डांबराचा हात दिला, थराथराने माल भरला आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकून बसवला. मी आणि दांडीवाली दोन खुर्च्या टाकून शेजारी बसलो होतो. "या कोपऱ्याला अजून दोन ठोके दे गो," दांडीवाली म्हणाली. मुकादमीण म्हणाली, "आधी एकच होती, आता दोन झाल्या." काम संपलं तेव्हा जुन्या आवारात नवा काळा चौकोन दिसत होता, ठिगळासारखा. चार दिवस यावर गाडी नको, असं बजावून ती गेली. दिवसभर आम्ही आळीपाळीने गॅलरीतून राखण केली.

दुसऱ्याच दिवशी पाचपरतावणाला, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाला, मुलगी आणि जावई आले. नवी गाडी, पुढे फुलांची माळ अजून तशीच. जावयाने गेटमधून गाडी आत घेतली, सावली बघून पंपाच्या खोलीकडे वळवली आणि वरच्या अंगाला, बरोबर त्या चौकोनाच्या दिशेने नेली.

"ए! तिथे नको!" मी माझ्या गॅलरीतून.

"ए! तिथं नको!" ती तिच्या गॅलरीतून.

एकाच क्षणी, एकाच पट्टीत. गाडी करकचून थांबली, चौकोनापासून वीतभर अलीकडे. जावयाने काच खाली केली आणि घाबरून आधी या गॅलरीकडे पाहिलं, मग त्या. मुलगी पोट धरून हसत होती. तेव्हा माझ्या शेजारी पेपर खाली आला. नवरा उठून कठड्याशी गेला आणि आमच्या सगळ्या संसारात मी ऐकलेलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य बोलला.

"जावईबापू, गाडी जरा मागे घ्या. इथे तुम्हाला दोन सासवा आहेत."